बेझनविर्टशाफ्ट

बेझनविर्टशाफ्ट : (श्वाबी या तिथल्या प्रादेशिक बोलीत नुसते ‘बेझन’, म्हणजे झाडू). नैर्ऋत्य जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात आणि आसपासच्या द्राक्षगावांत बागायतदार वर्षातील काही आठवडे स्वतःच्या घरी चालवतात ती वाइनची खानावळ. घर पाहुण्यांसाठी उघडे असल्याची खूण म्हणून फाटकावर काठीला झाडू बांधून टांगतात; हंगाम संपला की तो उतरवतात. श्टुटगार्टला गेल्यावर कुठे खावे-प्यावे याचे सर्वांत चांगले उत्तर हा झाडूच आहे. मात्र तो कोणत्या आठवड्यात कोणाच्या दारावर असेल हे आधी पाहून ठेवावे लागते. कुटुंबाचा बाग, कुटुंबाची वाइन आणि कुटुंबाचाच स्वयंपाक असल्यामुळे इथल्या ताटाला शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही जागेची सर येत नाही.

श्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याची राजधानी. मर्सिडीज आणि पोर्शे यांच्यामुळे ते कारखान्यांचे शहर म्हणून आपल्याला माहीत असते. मुंबईशी त्याचे १९६८ पासून भगिनी-शहराचे नाते आहे. पण मुख्य रेल्वे स्थानकाबाहेर येऊन मान वर केली की समोरच्या उतारावर द्राक्षवेली दिसतात. शहराचा मध्य कढईसारख्या खोलगट जागेत वसला आहे आणि कढईच्या कडांवर, तसेच नेकार नदीच्या बाजूने, शहराच्या हद्दीतच सुमारे ४०० हेक्टर द्राक्षबागा आहेत. नगरपालिकेचाही स्वतःचा बाग असून त्याची वाइन विकली जाते. शहरात ४०० हून अधिक दगडी जिने आहेत, त्यांना ‘श्टेफेले’ म्हणतात. त्यांतले कितीतरी मुळात बागेत चढून जाण्याच्या पायऱ्याच होत्या. घरे नंतर आली.

घरच्या घरी वाइन विकण्याची ही रीत श्टुटगार्टपुरती नाही. ऱ्हाईनच्या काठी तिला श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात, कारण तिथे दारावर झाडूऐवजी डहाळ्यांचा जुडगा असतो. ऑस्ट्रियातला होयरिगर त्याच कुळातला. तिचे मूळ नवव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट शार्लमेनने काढलेल्या फर्मानात आहे, असे सगळीकडे सांगितले जाते. श्टुटगार्टच्या परिसरात ती इतकी घट्ट का रुजली याचे कारण मात्र जमिनीच्या वाटण्यांत शोधावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जुन्या व्युर्टेम्बेर्गमध्ये वडिलांची जमीन सर्व मुलांत सारखी वाटली जाई. तीन-चार पिढ्यांत बागेचे पट्टे इतके अरुंद झाले की त्यांवर घर चालेना. वाटण्या होत होत शेताच्या चिंध्या होणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. १९०४ मध्ये उंटरट्युर्कहाइम या द्राक्षगावात डाइमलरचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, तेव्हा अनेक घरांत दिवसा यंत्रावर काम आणि उरलेल्या वेळी वेलींची छाटणी असा दुहेरी संसार चालू लागला. काहींनी द्राक्षे सहकारी संस्थेला घातली; उंटरट्युर्कहाइमची संस्था १८८७ ची आहे. ज्यांनी थोडी वाइन घरीच मुरवली त्यांना ती विकायला दुकान परवडण्यासारखे नव्हते. बैठकीची खोली रिकामी करून बाके मांडणे मात्र जमण्यासारखे होते.

आजचे नियम या घरगुतीपणाला धरूनच आहेत. बेझनला हॉटेलसारखा परवाना लागत नाही, त्या बदल्यात मर्यादा कडक आहेत : वर्षात फार तर चार महिने, तेही जास्तीत जास्त दोन टप्प्यांत, चाळीसच आसने, वाइन स्वतः पिकवलेली, जेवण साधे. ज्यांचा पसारा यापेक्षा वाढला ते वर्षभराचा परवाना घेतात, आणि तरी दारावर झाडू ठेवतात. अशा जागा वाईट नसतात, पण चाळीस आसनांच्या खोलीतली ऊब तिथे येत नाही.

ही खोली कधी खरोखरच घराची बैठक असते, कधी तळघर, कधी ट्रॅक्टर बाहेर काढून झाडून घेतलेले कोठार. लांब बाके आणि लाकडी मेजे एकमेकांना खेटून लावलेली असतात. स्वतंत्र टेबलाची अपेक्षा करू नये. आत शिरून जिथे दोन जणांची फट दिसेल तिथे जाऊन ‘इश डो नो फ्राय?’ म्हणजे ‘इथे जागा मोकळी आहे का?’ एवढे विचारावे. बसलेली माणसे सरकून घेतात. श्वाबी माणूस घुमा आणि हात आखडून खर्च करणारा, अशी त्याची इतर जर्मनांत ख्याती आहे. तोच माणूस बेझनमध्ये मांडीला मांडी लागलेल्या अनोळखी पाहुण्याला आपल्या मुलीच्या लग्नापासून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळे सांगतो. वाढायला घरची सून असते, नाहीतर शेजारीण. म्हातारे वेंगर्टर (बागायतदाराला इथे हाच शब्द) शेवटी येऊन मेजामेजाशी थांबतात आणि यंदा गारा पडल्या की नाही ते सांगतात. पैसे रोख न्यावेत. बक्षिसी टेबलावर ठेवून जायची नसते. बिल सांगितले की त्यात पाच-दहा टक्के धरून गोल आकडा आपणच सांगायचा.

वाइन ‘फिअर्टेले’ने मागतात, म्हणजे पाव लिटरने. तिचा पेला उंच दांड्याचा नसतो. तो बुटका, जाड काचेचा आणि चहाच्या कपासारखा कान असलेला असतो. आधी डोंगरउतारावर दिवसभर राबलेल्या हातात तो कसा बसत असेल हे धरून पाहिल्यावर लगेच कळते. पिण्याच्या रीतीलाही स्वतंत्र क्रियापद आहे, ‘श्लोट्सन’ : गोळी चघळावी तसे सावकाश चाखत पिणे. इथली घरची वाइन म्हणजे ट्रोलिंगर. ती तांबडी असली तरी रंगाने फिकी, हलकी आणि किंचित आंबटसर असते. नाव आल्प्समधल्या टायरोल प्रांतावरून आले आहे, कारण वेल तिकडून आला. वाइनचे जाणकार तिला फारसे मोजत नाहीत. पण चरबीदार जेवणाबरोबर तीच शोभते आणि तिचा मोठा वाटा श्वाबी माणसे स्वतःच पिऊन टाकतात. गडद तांबडी हवी असल्यास लेम्बर्गर मागावी. पांढऱ्यांत रीस्लिंग उत्तमच, पण केर्नर चुकवू नये. ट्रोलिंगर आणि रीस्लिंग यांचा हा संकर जवळच्या वाइन्सबेर्गमध्ये १९२९ साली झाला, आणि त्या गावी राहिलेले कवी-वैद्य युस्टिनुस केर्नर यांचे नाव त्याला मिळाले.

जेवणात डुक्कर आणि कोबी यांचे राज्य असते. आंबवलेल्या कोबीवर उकडलेले मांस, यकृताचे व रक्ताचे सॉसेज असे भरगच्च ताट ही बेझनची जुनी ओळख, कारण पूर्वी हिवाळ्यातल्या डुकराच्या कापणीबरोबरच झाडू लागे. त्याखेरीज बटाट्याच्या पिठाचे बोटाएवढे शुप्फनूडेल्न आणि माउलटाशेन मिळतात. माउलटाशेन म्हणजे मैद्याच्या पातळ पोळीत खिमा, पालक, भिजवलेला पाव आणि कांदा भरून केलेली चौकोनी घडी. मठातल्या साधूंनी उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून मांस पिठात दडवले, अशी कथा असल्यामुळे तिचे लाडके नाव ‘देवाला फसवणारी’ असे आहे. २००९ पासून तिला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. ती रश्शात घालून देतात किंवा लोण्यात परतलेल्या कांद्याखाली. पहिल्यांदा खाणाऱ्याने रश्शातली घ्यावी.

श्पेट्झले, म्हणजे इथल्या अंड्याच्या पिठाच्या आखूड शेवया, यांच्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. मैदा, भरपूर अंडी, मीठ आणि थोडे पाणी यांचे सैलसर, ताणले जाणारे पीठ फेटून ओल्या लाकडी फळीवर पसरतात. फळी उकळत्या पाण्यावर तिरकी धरून सुरीच्या पात्याने त्याच्या बारीक चिंध्या भराभर पाण्यात लोटतात. हात असा चालतो की सुरी दिसत नाही, नुसता टकटक आवाज येतो. तुकडे वर तरंगले की झाऱ्याने काढायचे. ज्यांना हा हात जमत नाही ते दाबयंत्र वापरतात, आणि ते यंत्र आपल्या सोऱ्याचे सख्खे भावंड आहे. शेवेसारखी एकसारखी निघालेली श्पेट्झले जुन्या बायकांना पसंत नसतात. फळीवरची वेडीवाकडी हवीत, कारण त्यांच्या खाचांत रस्सा धरला जातो. शिजवलेल्या मसुरासारख्या कडधान्याबरोबर श्पेट्झले हे तर या प्रांताचे रोजचे अन्न. वरणात फोडणी विसरली तर जसे लागेल तसे ते आपल्याला वाटते. पण वरून शिरक्याचे दोन थेंब घातले की चव उघडते.

शाकाहारी पाहुण्याने सावध असावे. इथला बटाट्याचा गार, ओलसर कोशिंबिरीसारखा पदार्थ दिसायला निर्मळ असतो, पण त्यात बहुधा मांसाचा रस्सा ओतलेला असतो. कडधान्यात खारवलेले डुकराचे तुकडे असतात आणि पावाबरोबर येणारे पांढरे लोणी कित्येकदा चरबी असते. ‘ओने फ्लाइश’ (मांसाशिवाय) म्हटल्याने काम भागत नाही, कारण रस्सा आणि चरबी यांना बरेच जण मांस धरत नाहीत. ‘फ्लाइशब्र्यूए’ (मांसाचा रस्सा), ‘श्पेक’ (खारवलेले डुकराचे मांस) आणि ‘श्माल्ट्स’ (चरबी) हे तीन शब्द पाठ करून जावेत आणि एकेक विचारावा. चीज व तळलेला कांदा घातलेली केझ-श्पेट्झले हा भरवशाचा आधार. अंडे चालत नसेल तर ब्रेत्सेल (पिठाच्या दोरीची गाठ मारून भाजलेला खारा पाव), चीज आणि हिरवा पाला यांवर संध्याकाळ काढावी लागते.

बेझन शोधायला एस-१ लोकलने उंटरट्युर्कहाइम किंवा ओबरट्युर्कहाइमला उतरून वर रोटेनबेर्ग व उलबाख या गावांकडे जावे. रोटेनबेर्गच्या टेकडीवर राजा पहिला विल्हेल्म याने राणी कातारिनासाठी १८२० ते १८२४ या काळात बांधलेली समाधी आहे. तिथून बागांमधल्या पाऊलवाटेने उलबाखला उतरता येते. कोण कधी उघडे आहे याच्या याद्या दर वर्षी निघतात. जानेवारी ते मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे भराचे दिवस. एखाद्या खानावळीत आधी न कळवता गेले तर संध्याकाळी सातनंतर बसायला जागा मिळणे कठीण.

झाडू कुठेच नसेल अशा दिवशी शहरातच राहावे. जुन्या राजवाड्याशेजारी १९१४ ची मार्क्टहाले ही सुंदर मंडई आहे. तिथे ब्रेत्सेल विकत घेताना हात बारीक, कुरकुरीत आणि पोट जाड, चिरलेले आहे ना ते पाहावे. बोनेनफिअर्टेल या जुन्या वस्तीत वर्षभर चालणारी वाइनघरे आहेत. ऑगस्टअखेर शहराच्या मध्यात वाइनडोर्फ नावाची जत्रा भरते, १९७६ पासून.

सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात गेलेल्याने ‘नॉयर वाइन’ घ्यावीच. ही अजून फसफसत असलेली, गढूळ, गोडसर कोवळी वाइन कांद्याच्या गरम केकबरोबर खातात-पितात. आंबणे चालूच असल्याने तिच्या बाटलीचे झाकण घट्ट बसवत नाहीत, वायू निघून जायला वाट ठेवतात. म्हणून लोकलमध्ये त्या दिवसांत माणसे पिशवी मांडीवर उभी धरून बसलेली दिसतात. बाटली आडवी झाली की सगळी पिशवीत.