टॅरिफ रिबेट (अमेरिका)

आयातीवरच्या टॅरिफमधून (म्हणजे जकातीतून) जमलेला पैसा सरकारने लोकांना चेकने किंवा थेट खात्यात परत द्यायचा, अशी ही अमेरिकेतली कल्पना. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने टॅरिफ वाढवले तेव्हापासून गाजतेय, पण २०२६ च्या सुरुवातीपर्यंत तरी सर्वसाधारण करदात्याला यातून एक डॉलरही मिळालेला नव्हता.

हिचं मूळ कुठलं यावर दोन मतं आहेत. काही जण थेट १८३६ च्या डिपॉझिट अ‍ॅक्टपर्यंत मागे जातात. अँड्र्यू जॅक्सन प्रेसिडेंट असताना, साधारण १८३५ च्या सुरुवातीला, फेडरल सरकारचं कर्ज पूर्ण फिटलं आणि तिजोरीत पैसा साचत चालला, टॅरिफ कमी करावे तर १८३३ च्या तडजोडीच्या कायद्याने १८४२ पर्यंतचे दर आधीच बांधून टाकलेले, मग काँग्रेसने ठरवलं की १ जानेवारी १८३७ ला ५० लाख डॉलर ठेवून बाकीचे राज्यांना चार हप्त्यांत द्यायचे. कागदोपत्री ही ठेव होती, म्हणजे परत मागता येण्यासारखी, पण ती मागितली कोणीच नाही. ठरलेल्या सुमारे ३.७ कोटींपैकी २.८ कोटी डॉलर गेले आणि १८३७ च्या मंदीत चौथा हप्ता अडकला तो अडकलाच. मेन राज्यात यातले पैसे डोईमागे वाटले गेल्याचं सांगतात, आणि या मताचा खरा आधार तेवढाच. अडचण अशी की १८३६ मध्ये जमीनविक्रीचं उत्पन्न जकातीपेक्षा थोडं जास्तच होतं, त्यामुळे ते वाटप टॅरिफचंच होतं असं म्हणणं जरा ताणलेलं वाटतं. पुढे १८८७ मध्ये पुन्हा शिल्लक साचली तेव्हा ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी वाटपाचा नाही, टॅरिफच कमी करायचा आग्रह धरला.

दुसरं मत १९७५ पासून सुरू होतं. त्या वर्षी १९७४ च्या इन्कम टॅक्सचे १० टक्के, जास्तीत जास्त २०० डॉलर, परत दिले, मग २००१, २००८ आणि कोविडमध्ये १२००, ६०० आणि १४०० डॉलरचे तीन राउंड. उत्पन्नाची मर्यादा, त्यापुढे हळूहळू कमी होणारी रक्कम, हे सगळं २०२५ च्या प्रस्तावात इथूनच आलंय, त्यामुळे हे मत जास्त पटण्यासारखं.

तो प्रस्ताव म्हणजे सिनेटर जॉश हॉली यांनी जुलै २०२५ मध्ये मांडलेलं बिल: माणशी किमान ६०० डॉलर, मुलं धरून. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी जास्त उत्पन्नवाले सोडून प्रत्येकाला किमान २००० डॉलर म्हटलं, तर ट्रेझरी सेक्रेटरी स्कॉट बेसेंट म्हणाले की ते टॅक्स कपातीच्या रूपातही असू शकतं, म्हणजे चेक येईलच असं नाही!

हिशोब मात्र बसत नाही. २०२५ च्या आर्थिक वर्षात जकात जमली साधारण १९,५०० कोटी डॉलर (आदल्या वर्षी ७,७०० कोटींच्या आसपास), आणि कोविडसारखे निकष लावले तर २००० च्या एका राउंडला एका अभ्यासगटाच्या अंदाजाने ६०,००० कोटी लागतात. शिवाय खर्चाला काँग्रेसची मंजुरी लागते. डिसेंबरमध्ये सैनिकांना १,७७६ डॉलर मिळाले त्याचं श्रेय ट्रम्प यांच्या भाषणात टॅरिफलाही दिलं गेलं, पण तो पैसा आधीच मंजूर झालेल्या घरभत्त्याच्या तरतुदीतला होता.

२० फेब्रुवारी २०२६ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की १९७७ च्या आणीबाणी कायद्याखाली टॅरिफ लावता येत नाहीत. वसुलीतला मोठा भाग त्याच कायद्याखालचा. तो परत द्यायचा झाला तर हक्क जकात भरणाऱ्या इंपोर्टरचा, दुकानात वाढीव भावाने माल घेतलेल्या गिऱ्हाइकाचा नाही.

तिथल्या मराठी मंडळींपुरतं: कोविडच्या वेळी टॅक्ससाठी रेसिडेंट धरले जाणारे आणि सोशल सिक्युरिटी नंबर असलेले एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वालेही पात्र होते. एफ-१ व्हिसावरचे विद्यार्थी बहुतेक पहिली पाच वर्षं नॉन-रेसिडेंट, म्हणून बाहेर.