रेओम्यूर, रने आंत्वान फेर्शो द

(२८ फेब्रुवारी १६८३ – १७ ऑक्टोबर १७५७). फ्रेंच निसर्गवैज्ञानिक; कीटकांच्या वर्तनाचे आणि पक्ष्यांच्या उबवणीचे व पचनाचे अभ्यासक. मराठी वाचकाला हे नाव बहुधा भौतिकीच्या पुस्तकात भेटते. पाणी ०° ला गोठते आणि ८०° ला उकळते असे मानणारे तापमानाचे प्रमाण त्यांचे. त्यांचे आयुष्य मात्र गेले ते सुरवंट, मधमाश्या आणि कोंबड्या यांच्या सहवासात.

जन्म ला रॉशेल येथे. १७०८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत प्रवेश. अकादमीसाठी त्यांनी कारागिरांच्या धंद्यांची पाहणी केली आणि लोखंडापासून पोलाद करण्यावर १७२२ मध्ये ग्रंथ लिहिला. एखादी वस्तू कशी घडते, हे कारखान्यात पाहायची सवय त्यांनी पुढे किड्यांच्या बाबतीतही सोडली नाही. गांधीलमाशी लाकडाचे तंतू चावून कागदासारखे पोळे करते, तेव्हा माणसालाही चिंध्यांऐवजी लाकडापासून कागद करता यावा, ही सूचना त्यांची (१७१९). स्वतः मात्र त्यांनी तसा कागद करून पाहिला नाही.

कीटकांच्या इतिहासावरील त्यांचे सहा खंड १७३४ ते १७४२ या काळात निघाले. ‘कीटक’ या शब्दाची त्यांची व्याप्ती आज हसू आणणारी आहे. मगरीलाही कीटक म्हणायला त्यांची हरकत नव्हती. वर्गीकरणात त्यांना फारसा रस नव्हता. प्राणी खातो काय, घर कसे बांधतो, अंगावरची कात कशी टाकतो, हे त्यांचे प्रश्न. ग्रंथांतली बहुतेक चित्रे एलेन द्युमुस्तिए यांनी काढली. मजकुरात त्यांचे नाव येत नाही, पण रेओम्यूर यांनी मृत्युपत्रात वारसा त्यांच्याच नावे केला.

कसरीवरचे प्रयोग त्यांच्या पद्धतीचा चांगला नमुना आहेत. लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळ्यांना त्यांनी निरनिराळ्या रंगांची लोकर दिली. अळीने अंगाभोवती लोकरीची केलेली नळी त्या त्या रंगाची झालीच, शिवाय विष्ठाही त्याच रंगाची पडली. म्हणजे लोकर पचते, रंग पचत नाही. मेंढीच्या अंगावरच्या न धुतलेल्या, तेलकट लोकरीला कसर लागत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून कापडावर तशी लोकर घासावी, किंवा पेटीत टर्पेंटाइनची वाफ राहू द्यावी, असे उपाय त्यांनी सुचवले.

मधमाश्यांसाठी त्यांनी काचेच्या अरुंद पेट्या करवल्या. माश्या पाण्यात बुडवून निपचित करायच्या, मोजायच्या, तपासायच्या आणि ऊब देऊन पुन्हा सावध करायच्या, ही त्यांची युक्ती. दारातून मिनिटाला सुमारे १०० माश्या आत येतात, दिवस पहाटे पाच ते संध्याकाळी सात असा १४ तासांचा. म्हणजे ८४,००० फेऱ्या. पेटीत १८,००० माश्या धरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला चारांहून अधिक. कमीत कमी मेण लागेल अशा पोळ्यातल्या घराच्या तळाचे कोन किती असावेत, हे गणित त्यांनी गणितज्ञ कोनिग यांना घातले. उत्तर आले १०९° २६′ आणि ७०° ३४′. योग्य मोठा कोन १०९° २८′ आहे. मोजमापही तेच सांगत होते. चूक गणितात होती, माश्यांच्या बांधकामात नव्हती. राणीच्या बाबतीत मात्र ते स्वतः फसले. राणी आणि नर काचेच्या भांड्यात एकत्र ठेवून दिसलेल्या सलगीला त्यांनी मीलन मानले. राणीचे मीलन उडताना, पेटीबाहेर होते हे नंतर इतरांनी दाखवले.

नराशिवाय माव्याला पिल्ले होतात का, हेही त्यांनी पाहिले, पण वेगळ्या ठेवलेल्या माव्याच्या पिल्लांनी दम तोडला. तोच प्रयोग त्यांच्या सांगण्यावरून १७४० मध्ये स्विस निसर्गवैज्ञानिक शार्ल बॉने यांनी केला. जन्मल्यापासून एकट्या ठेवलेल्या एका मादीला ९५ पिल्ले झाली.

उष्णतेचा धागा मात्र किड्यांपासून पक्ष्यांपर्यंत सलग जातो. १७३० च्या त्यांच्या तापमापकात मद्यार्क होता. गोठणबिंदूला असलेल्या घनफळाचा हजारावा भाग वाढला की एक अंश. पुढे याच नावाने पाऱ्याचे तापमापक निघाले. त्या अंशांना १.२५ ने गुणले की सेल्सिअस मिळते. रेओम्यूर यांच्या मूळ आकड्यांना हा हिशेब बिनधास्त लावू नये, कारण मद्यार्क सर्व तापमानांत सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाही. त्यांनी उबवणीसाठी दिलेले ३२° म्हणजे ४०° से. असे धरले, तर अंडी जास्त तापतील.

हिवाळ्यात कोश उबदार काचघरात ठेवले की फुलपाखरे काही आठवड्यांत बाहेर येतात, थंड तळघरात ठेवले की महिनोन्महिने थांबतात, हे त्यांनी दाखवले. पोकळ काचेच्या अंड्यात कोश घालून त्यांनी ते खुडूक कोंबडीखाली ठेवले, आणि कोंबडीने फुलपाखरू उबवले! कोशावर रोगण लावले तर वाढ मंदावते. त्यावरून अंड्यावर चरबी चोळून ते ताजे ठेवण्याची कल्पना आली. फलित नसलेली अंडी अधिक टिकतात, हेही त्यांनी सांगितले.

कोंबडीशिवाय अंडी उबवण्यावरचा त्यांचा ग्रंथ १७४९ चा. इजिप्तमधल्या उबवणीच्या भट्ट्यांची माहिती त्यांना होती. फ्रान्समध्ये त्यांनी घोड्याच्या लिदीची ऊब वापरली. लिदीच्या ढिगात पिंप पुरायचे, अंड्यांच्या टोपल्या आत एकावर एक टांगायच्या, झाकणाला भोके पाडून बुचे बसवायची. ऊब वाढली की बूच काढायचे. आरंभी गर्भ मरत. दोष उष्णतेचा नव्हता, लिदीच्या ओलसर वाफेचा होता. पिंपाला आतून लेप देऊन वाफ अडवल्यावर काम जमले. तापमापक नसलेल्या शेतकऱ्यासाठी त्यांनी लोणी आणि त्याच्या निम्मी चरबी वितळवून कुपीत भरायला सांगितली: मिश्रण दाट पाकासारखे वाहू लागले की ऊब योग्य. पिल्लांना उतरत्या झाकणाची, आतून मेंढीचे केसाळ कातडे लावलेली पेटी. तिला ते कृत्रिम आई म्हणत.

पचनावरचे प्रयोग १७५२ चे. शिकारी पक्षी न पचलेले अवशेष ओकून टाकतात, या गोष्टीचा त्यांनी उपयोग केला. दोन्ही टोके उघडी पण जाळीने बंद केलेल्या धातूच्या नळीत मांस भरून ती बझर्ड या शिकारी पक्ष्याला गिळायला लावली. नळी परत आली तेव्हा मांस बरेचसे विरघळले होते आणि कुजल्याचा वास नव्हता. नळीमुळे चिरडण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे काम जठरातल्या रसाचे. स्पंजाचे तुकडे नळीत घालून त्यांनी तो रस गोळाही केला. शरीराबाहेर त्याने मांस नीट विरघळवता आले नाही, आणि पक्षीच मेल्यामुळे प्रयोग थांबला. ते काम पुढे इटालियन वैज्ञानिक स्पाल्लान्झानी यांनी तडीस नेले. धान्य खाणाऱ्या पक्ष्यांत मात्र नळीतले दाणे तसेच राहिले, म्हणून तिथे पेषणी (जठराचा दाणे दळणारा स्नायुमय भाग) नुसती दळते असा चुकीचा निष्कर्ष रेओम्यूर यांनी काढला.

पॅरिसमधल्या त्यांच्या घरी पक्ष्यांचा मोठा संग्रह होता. फ्रेंच प्रवासी प्येर प्वाव्र यांनी भारत, फिलिपीन्स, मादागास्कर अशा ठिकाणांहून आणलेले नमुनेही त्यात आले. लांबून येणारे पक्षी कुजू नयेत म्हणून ते कातडे भरून, मद्यार्कात बुडवून किंवा भट्टीत वाळवून पाठवावेत, अशा सूचना ते देत. संग्रहाचे रक्षक ब्रिसाँ यांनी त्यावरून १७६० मध्ये पक्ष्यांवरील सहा खंड प्रसिद्ध केले. तोवर रेओम्यूर घोड्यावरून पडून वारले होते. संग्रह त्यांनी अकादमीला दिला होता, पण राजाच्या संग्रहालयाचे प्रमुख, निसर्गवैज्ञानिक ब्यूफाँ यांनी तो तिथे हलवला. रेओम्यूर आणि ब्यूफाँ यांचे हयातीत कधी पटले नव्हते.