सोनाटा आणि सोनाटा फॉर्म: किती वेळा सांगायचं?

सोनाटा सगळ्यांना ठाऊक आहे: एकदोन वाद्यांसाठी लिहिलेली, बहुधा तीन-चार मूव्हमेंटची, म्हणजे स्वतंत्र प्रकरणांची, अख्खी रचना. त्यावर जास्त बोलत नाही. पण परिचयपर लेखांत 'सोनाटाचे तीन भाग: मांडणी, विस्तार, पुनर्मांडणी' हे वाक्य हटकून भेटतं आणि माझं डोकं फिरतं. ते भाग सोनाटाचे नाहीत, सोनाटा फॉर्मचे आहेत. आणि तो फॉर्म एकाच मूव्हमेंटच्या पोटातला: आधी सुरावटी मांडायच्या, मग त्या फिरवत-खुलवत न्यायच्या, शेवटी पुन्हा घरी आणायच्या.

मोझार्टचा ए मेजर सोनाटा, के. 331 घ्या. आधी व्हेरिएशन्स (एकाच सुरावटीची बदलती रूपं), मग मिन्युएट (एक नाच), शेवटी तो 'तुर्की' रोंडो (मुखडा फिरून फिरून येतो तो प्रकार). नाव सोनाटा, पण सोनाटा फॉर्म औषधालाही नाही. उलट बेथोव्हनची पाचवी सिंफनी अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची, म्हणजे सोनाटा नव्हे, तरी तिची पहिली मूव्हमेंट म्हणजे या फॉर्मचा अस्सल नमुना.

ती नीट ऐका. सुरुवातीचे ते चार ठोके सी मायनरमध्ये, म्हणजे 'सी' हा षड्ज धरून. मग हॉर्नची ललकारी, आणि व्हायोलिनवर मऊ सुरावट येते ती ई फ्लॅट मेजरमध्ये. 'हा अंतरा समजा' म्हणणारे इथेच फसतात. अंतऱ्यात गायक तार षड्जाला भिडतो, पण षड्ज तोच असतो. इथे पट्टीच बदलते! विस्तारात सूर आणखी भटकतात, आणि पुनर्मांडणीत तीच मऊ सुरावट सी मेजरमध्ये, म्हणजे घरच्या षड्जावर परतते. ललकारी आता बसूनांकडे, म्हणजे खर्जातल्या फुंकवाद्यांकडे. सगळं नाट्य या जाण्यायेण्यात आहे. 'दोन विषय, म्हणजे दोन वेगळ्या मुख्य सुरावटी, हवेतच' हाही गैरसमजच. हायडन 104 व्या सिंफनीच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये पहिलीच सुरावट नव्या पट्टीत ठेवून भागवतो.

'सोनाटा फॉर्म' हे नाव रुजवलं ते आडॉल्फ बर्नहार्ड मार्क्सने (1795–1866). कार्ल मार्क्सचा कुणी नव्हे. हालेत जन्मलेला, कायदा शिकलेला हा गृहस्थ 1824 पासून बर्लिनमध्ये संगीत-साप्ताहिक चालवत होता आणि बेथोव्हन हयात असतानाच त्याची बाजू लढवत होता. 1830 मध्ये तो तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याचा रचनाशास्त्रावरचा चार खंडांचा ग्रंथ 1837 ते 1847 दरम्यान आला. मोझार्ट 1791 मध्येच गेला होता, त्यामुळे 'मोझार्टने सोनाटा फॉर्मचे नियम पाळले' हे ऐकलं की हसू येतं. कुठले नियम? खुद्द मार्क्सलाही फॉर्म हा तयार साचा वाटत नव्हता. आशय जो आकार घेतो तो फॉर्म, असं त्याचं म्हणणं. लोकांनी मात्र त्याची दुसऱ्या विषयाला 'स्त्रैण' म्हणणारी उपमा तेवढी लक्षात ठेवली. ती भिकार आहे, सोडून द्या.

'पहिल्या मूव्हमेंटचा फॉर्म' हे पर्यायी नाव तर मुळीच वापरू नका. बेथोव्हनच्या 'मूनलाइट' सोनाटात पहिल्या मूव्हमेंटला हा फॉर्म नीट लागू होत नाही. स्वच्छ दिसतो तो शेवटच्या, वादळी मूव्हमेंटमध्ये.