क्षत्रप

प्राचीन इराणमधील प्रांताधिपतीचे पदनाम. पुढे भारतातील शक राजकुलांचे राजबिरुद. इ. स. पू. सुमारे ५२० च्या इराणमधील बेहिस्तून शिलालेखात सम्राट पहिला दरायस बॅक्ट्रिया (आजचा उत्तर अफगाणिस्तानचा परिसर) प्रांताच्या दादर्शीचा उल्लेख याच पदाने करतो. तेथील प्राचीन पर्शियन रूप ‘ख्शसपावन्’ असे वाचले जाते. ‘ख्शस’ म्हणजे राज्य व ‘पा’ म्हणजे राखणे. ग्रीक ‘सात्रापीस’मधील ‘त्र’ मात्र या रूपातून निघू शकत नाही, कारण मूळ ‘थ्र’चा पर्शियन बोलीत सकारसदृश उच्चार होई. म्हणून ग्रीकांनी हा शब्द ‘थ्र’ टिकवून धरणाऱ्या मीड (वायव्य इराणमधील प्राचीन लोक) बोलीतून घेतला असावा, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. पदही मीड राज्यातच निर्माण झाले, हे अनुमान यावरच उभे असल्याने ते जपूनच स्वीकारावे लागते. बायबलच्या जुन्या करारातील ‘अहशदर्पनीम’ हे या शब्दाचे हिब्रू अनेकवचन. ससानी (इस्लामपूर्व इराणचे शेवटचे राजघराणे) काळात त्याचे ‘शहरब’ झाले. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील ‘ख्शथ्र’, संस्कृत ‘क्षत्र’ आणि फार्सीतून मराठीत आलेला ‘शहर’ हे एकाच कुळातले शब्द होत. ‘शाह’चा धातूही तोच.

‘क्षत्रं पाति इति क्षत्रपः’ ही व्युत्पत्ती व्याकरणाला धरून असली, तरी शब्द संस्कृतात घडल्याचा तो पुरावा नव्हे. यजुर्वेदात ‘क्षत्रपति’ येतो. ‘क्षत्रप’ हे पदनाम मात्र भारतात शकांबरोबरच दिसू लागते. इराणी शब्दावर चढवलेला हा संस्कृत साज मानणे अधिक सयुक्तिक आहे. प्राकृतात ‘खतप’, ‘छत्रप’ अशी रूपे आहेत. ‘छत्रपती’शी मात्र या शब्दाचा संबंध नाही, तो छत्रावरून आलेला आहे.

हखामनी (दरायसच्या घराण्याच्या) साम्राज्यात क्षत्रप करवसुली, न्याय व सैन्यभरती पाही. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस अशा २० विभागांची यादी देतो. अलेक्झांडरने ही व्यवस्था चालू ठेवली आणि बॅबिलनवर मझाइअस या इराण्यालाच नेमले.

भारतात तक्षशिला व मथुरा येथे क्षत्रपकुले होती. पश्चिम भारतातील क्षत्रपांची माहिती अधिक भरघोस मिळते. क्षहरात कुळातील राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखांत नहपान ‘राजा क्षहरात क्षत्रप’ आहे, तर नहपानाचाच अमात्य अयम याच्या जुन्नर येथील वर्ष ४६ च्या लेखात ‘महाक्षत्रप’. नाण्यांवर तो नुसता ‘राजा’ म्हणवतो. त्यामुळे हे पद कोणा सम्राटाचे, बहुधा कुषाणांचे, मांडलिकत्व दाखवते की केवळ वंशपरंपरागत बिरुद आहे, याविषयी मतभेद आहेत. या लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शककालाची धरल्यास नहपान इ. स. ११९–१२४ च्या सुमारास येतो. परंतु कच्छमधील अंधौ येथे नहपानानंतरच्या क्षत्रपकुलातील चष्टनाचा वर्ष ११ (शककालाचे धरल्यास इ. स. ८९) चा लेख मिळाल्यापासून ४१ ते ४६ ही नहपानाची राज्यवर्षे मानून त्याला पहिल्या शतकात ठेवण्याकडे कल वाढला आहे, आणि तोच पक्ष सबळ वाटतो. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, हे निर्विवाद. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला आहे.

जुनागढच्या शिलालेखात (शक ७२, इ. स. १५०) चष्टनाचा नातू रुद्रदामन् ‘महाक्षत्रप’ हे नाव आपण स्वतः मिळवल्याचे सांगतो, पद वरून दिले जाण्याची मूळ कल्पना येथे पूर्ण उलटली आहे. पुढे महाक्षत्रप हा ज्येष्ठ राजा आणि क्षत्रप हा त्याच्याबरोबर राज्य करणारा मुलगा किंवा भाऊ, अशी जोडी रूढ झाली. दोघेही स्वतःच्या नावाने नाणी पाडत. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात बराच काळ ‘महाक्षत्रप’ हे बिरुद नाण्यांवर दिसत नाही. त्यामागे ससानी आक्रमण असावे, हा तर्क आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने इ. स. ४०० च्या सुमारास ही सत्ता संपवली. त्याची चांदीची नाणी क्षत्रपांच्याच धर्तीची आहेत.