गुरुजी एकटे राहिले नाहीत: कोकणातल्या वाडीवरच्या शाळा आणि समाजमाध्यमं

कोकणात शिकायचं म्हणजे आधी चालायचं. मुरूडचे धोंडो केशव कर्वे सतराव्या वर्षी परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून सुमारे ११० मैल पायी साताऱ्याला गेले, आणि वयाच्या मानाने फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. त्यांच्या कितीतरी आधी देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर शिकायला मुंबईला गेले. १८३२ चं ‘दर्पण’ वृत्तपत्र आणि १८४० चं ‘दिग्दर्शन’ मासिक त्यांनी काढलं तेही मुंबईतूनच. विद्या घाटावर किंवा मुंबईत. आपण तिकडे जायचं, ही रीत पुढे शंभर-दीडशे वर्षं टिकली.

गावोगाव शाळा झाल्या तरी एक अडचण तशीच राहिली आणि तिच्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. कोकणातलं गाव एका जागी नसतं. खाडीकाठी एक वाडी, सड्याखाली (कातळी पठाराखाली) दुसरी, पऱ्यापलीकडे (ओढ्यापलीकडे) तिसरी. लहान मुलांना पावसाळ्यात पऱ्या ओलांडायला लावू नये म्हणून शाळा वाडीवर आली. ते योग्यच होतं. पण वाडीवरच्या शाळेचा पट दहा-पंधराचा, शिक्षक एक किंवा दोन, आणि चार-पाच इयत्ता एकाच खोलीत. अपूर्णांक मुलांच्या डोक्यात कसा उतरवायचा, हे विचारायला गुरुजींना शेजारी दुसरं कोणी नसे. महिन्याने आसपासच्या शाळांच्या केंद्रशाळेत शिक्षकांची शिक्षण परिषद होईल तेव्हा, तीही माहिती भरण्यातून वेळ उरला तर. माझ्या मते समाजमाध्यमांनी इथे सर्वांत आधी बदललं ते हे एकटेपण. मुलांचा नंबर नंतर लागला.

ज्या साधनांतून हे घडलं त्यांची मुळं दूरची आहेत. वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता यावं, ही विकीची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये प्रत्यक्षात आणली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. ‘मूडल’ ही ऑनलाइन शिकवण्याची संगणकप्रणाली २००२ मध्ये आली. ती घडवणारे मार्टिन डूगियामास ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले आणि लहानपणी रेडिओवरून शाळा शिकले. दुसऱ्याला दाखवण्यासाठी काही बनवताना माणूस जास्त शिकतो, या विचारावर मूडल उभं आहे. २००८ मध्ये कॅनडातल्या जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. फी भरणारे विद्यार्थी २५ आणि फुकट शिकायला जोडले गेलेले दोन हजारांवर.

मराठी शिक्षकाला मात्र आधी अक्षरांशी झगडावं लागलं. एका फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसत. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणारं युनिकोड रुळलं, फोनवर मराठी कीबोर्ड आले, तेव्हा कुठे राजापूरच्या बाईंनी लिहिलेलं मंडणगडच्या गुरुजींना जसंच्या तसं वाचता येऊ लागलं. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण तिच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

पुढचं वेगाने झालं. २०१५ मध्ये राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि शिक्षकांचे व्हॉट्सअॅप गट फोफावले. कोणी खडे-बियांनी गुणाकार शिकवल्याचा व्हिडिओ टाकी, दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग तीन तालुक्यांपलीकडे होई. परिपत्रकाने जे पोचायला महिने लागत, ते सहकाऱ्याच्या वर्गातून रात्रीत पोचलं. २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरायला सुरुवात केली होती. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते आले आणि २०१७ च्या ‘दीक्षा’ या ऑनलाइन शिक्षणमंचाशी जोडले गेले. याच गटांवर माहिती मागवणारे तक्तेही येऊ लागले आणि शिकवण्याचा वेळ खाऊ लागले, तेव्हा शिक्षकांची कुरकुर मला रास्त वाटते.

मग २०२० उजाडलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत अभ्यास फोनवर पाठवला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे पोफळीच्या बागांसोबत विजेचे खांबही झोपले. वीज नाही म्हणून टॉवर बंद, टॉवर बंद म्हणून शाळाही बंद. इतरत्र मुलं रेंजसाठी सड्यावर चढत होती, म्हणजे चालणं पुन्हा नशिबी आलंच. कित्येक गुरुजी स्वाध्यायाचे कागद घेऊन वाडी-वाडी फिरले.

घरातला एकुलता स्मार्टफोन बहुतेकदा टाळेबंदीत गावी आलेल्या चाकरमानी बापाचा होता. त्या फोनवर मुलाची शाळा काही महिने चालली. मुंबईतली कामं सुरू झाली तसा बाप परत गेला, आणि वर्गाचा गट त्याच्या खिशातून मुंबईला गेला.