सन्निधाता

प्राचीन भारतीय राज्यव्यवस्थेत राजकोश व राजाची भांडारे ज्याच्या ताब्यात असत, तो उच्चाधिकारी. महसूल गोळा करणे हे समाहर्त्याचे काम, तर जमा झालेले जतन करणे सन्निधात्याचे. कौटिलीय अर्थशास्त्रात दोघांचेही वेतन २४,००० पण (तत्कालीन नाणे) सांगितले आहे.

या पदाचे मूळ वैदिक काळात शोधण्याचा प्रयत्न झाला आहे. राजसूय या राज्याभिषेकाच्या यज्ञातील रत्नींमध्ये, म्हणजे राजाच्या प्रमुख मानकऱ्यांमध्ये, संग्रहीतृ येतो. वेदांचा भाष्यकार सायण याने काही ठिकाणी त्याला कोशाध्यक्ष मानले आणि इतिहासकार जायसवालांचाही कल तिकडेच आहे. वैदिक वाङ्मयाचे अभ्यासक मॅक्डॉनल व कीथ मात्र तो सारथी समजतात. शतपथ ब्राह्मणात त्याच्या घरी जुळ्या अश्विनांना आहुती दिली जाते आणि सारथी व त्याचा जोडीदार एकाच रथावर उभे असतात, असे त्याचे कारण दिले आहे. हे पाहता सारथी हाच अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. मग कोशाधिकाऱ्याची परंपरा इतकी मागे नेता येत नाही.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणानुसार (विभागानुसार) कोशगृह, पण्यगृह (विक्रीच्या मालाचे कोठार), कोष्ठागार (धान्यादींचे कोठार), कुप्यगृह (लाकूड इत्यादी वनोपजांचे कोठार), आयुधागार (शस्त्रागार) आणि बंधनागार (तुरुंग) बांधून घेणे ही सन्निधात्याची जबाबदारी. ओल नसलेल्या जागी चौकोनी खड्डा खणून, तो मोठ्या शिळांनी बांधून आत लाकडाचे तीन मजली भूमिगृह करावे. त्याला दार एकच, जिना यंत्राचा आणि झाकणाच्या जागी देवतेची मूर्ती. आपत्काळासाठीचा कायमचा ठेवा राज्याच्या सीमेवर देहान्ताची शिक्षा झालेल्यांकडून बांधून घ्यावा, ही सूचना गुप्ततेची खबरदारी दाखवते. रूपदर्शकाने पारखलेले नाणेच कोशात घ्यावे, खोटे नाणे तोडावे. कोश लुबाडला गेल्यास त्यावरील अधिकाऱ्याला देहदंड आहे. शंभर वर्षांपूर्वीचा आय-व्यय विचारला तरी सन्निधाता अडखळता कामा नये, अशी अपेक्षा आहे.

कोष्ठागारात पाऊस मोजण्यासाठी एक अरत्नी (सुमारे दीड फूट) तोंडाचे कुंड ठेवण्याची तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. पेरणीचे नियोजन पर्जन्यमानावर होई. याच ग्रंथात अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, पाऊस ‘अमित’ म्हटला आहे.

हे वर्णन मौर्यकालीन मानावे का, याबद्दल मतभेद आहेत. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये अर्थशास्त्र हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे र. पं. कंगले तो मौर्यकालीन मानतात. अर्थशास्त्राचे अलीकडचे भाषांतरकार ऑलिव्हेल यांच्या मते त्याची रचना इ.स.पू. पहिल्या शतकापूर्वीची नसावी. प्रत्यक्ष कारभारापेक्षा आदर्श व्यवस्थेचे वर्णन म्हणून ही माहिती वापरणे अधिक सुरक्षित ठरते.

गुप्तकाळात बसाढ (वैशाली) येथील मुद्रांवर ‘रणभांडागाराधिकरण’ असा सैन्याच्या स्वतंत्र कोशाच्या कचेरीचा उल्लेख आढळतो. मराठेशाहीत रोकडीचा जमाखर्च पोतनीस पाही.