माजी नौसैनिक (पुणे परिसर)

माजी नौसैनिक (पुणे परिसर) : भारतीय नौदलात ठरलेली मुदत पुरी करून निवृत्तिवेतनावर पुणे जिल्ह्यातील आपल्या गावी किंवा पेठेत परतलेला नाविक. पुण्यात स्थायिक होणारे निवृत्त अधिकारी हा निराळा वर्ग. कमांड रुग्णालय, कँटीन आणि हवा पाहून ते वानवडी-लुल्लानगरकडे घर घेतात. पुणे त्यांनी निवडलेले असते. नाविक येतो तो घरच इथे असते म्हणून. पुढची तीस-चाळीस वर्षे तो गावाच्या उपयोगी पडतो, आणि ही नोंद मुख्यतः त्या वर्षांविषयी आहे.

पुण्याला समुद्र नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, मध्ये अख्खा घाट. लष्कराचे दक्षिण मुख्यालय, खडकी-देहूरोडचे दारूगोळा कारखाने आणि लोहगावचा हवाई तळ यांमुळे पुणेकराला खाकी आणि निळी वर्दी सवयीची आहे. नौदलाची पांढरी तेवढी नाही. नौदलाच्या मोठ्या खुणा जिल्ह्यात दोनच. लोणावळ्याचे आयएनएस शिवाजी हे १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झालेले प्रशिक्षण केंद्र. जहाजाच्या इंजिनावर काम करणारे नाविक डोंगरातल्या या पावसात तयार होतात. दुसरी खूण खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथे नौदलाचे छात्र धरणाच्या पाण्यावर शिडाची नाव चालवायला शिकतात. इतिहासात मागे गेले तर आंग्रे घराण्याचे मूळ गाव मावळातले मानतात, आणि १७५६ मध्ये विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या मदतीने बुडवले ते पुण्याच्याच पेशव्यांनी. आरमार आणि पुणे यांचे नाते तेव्हापासून थोडे अवघडलेलेच म्हणायचे.

पोरगा भरती होतो तेव्हा सतरा ते वीस वर्षांचा असतो. ओडिशातील चिल्का येथे प्राथमिक प्रशिक्षण, मग ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे जामनगर, लोणावळा, कोची किंवा मालाडचे केंद्र, आणि पुढे जहाज. निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. त्यामुळे बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीतच मोकळे होतात. मुले शाळेत, आईवडील थकलेले, जमिनीची वाटणी व्हायची राहिलेली. इंजिन आणि वीजकामाची माणसे पिंपरी-चिंचवड-चाकणच्या कारखान्यांत देखभाल विभागात लागतात, काही बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत. उरलेले सुरक्षारक्षक होतात. २००२ मध्ये स्थापन झालेले आणि पुण्यातूनच चालणारे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, हे काम मोठ्या प्रमाणावर पुरवते. ज्याने रडार हाताळले त्याने सोसायटीच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहीत बसावे, हे पाहणाऱ्याला खुपते. खुद्द माणूस त्याबद्दल फारसे बोलत नाही.

गावात त्याला ‘मेजर’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर. नौदलात मेजर हा हुद्दाच नाही, तो पेटी ऑफिसर किंवा चीफ म्हणून निवृत्त झालेला असतो. पण पहिल्या वर्षभरात समजावून सांगून थकला की तोही हाकेला ओ देऊ लागतो. जुन्या वाफेच्या जहाजांच्या बॉयलरखोलीत नोकरी काढलेला माणूस ओळखायला सोपा : तो मोठ्याने बोलतो, आणि आपण हळू बोललो तर कानामागे हात धरतो. पाण्याबाबतची त्याची शिस्तही घरच्यांना जाचते. जुन्या जहाजांवर गोडे पाणी दिवसातून ठरल्या वेळीच सोडत, तेवढ्यात आंघोळ आणि कपडे उरकायचे. पुरंदर किंवा शिरूरच्या टँकरवर जगणाऱ्या वाडीत मात्र हाच माणूस कामाचा ठरतो. गळकी तोटी त्याला पाहवत नाही, आणि पाणी सोडायची वेळ कुणी चुकवली की तो पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या दारात उभा राहतो.

त्याचा दोरही गावाला लागतो. विहिरीतली जळालेली मोटर वर काढायची असली की त्याला बोलावणे येते. तो मोटरीला जी गाठ मारतो ती कितीही ओढ लागली तरी आवळत नाही, आणि काम झाल्यावर अंगठ्याने ढकलली की सुटते. नौदलात तिला बोलाइन म्हणतात. गणपतीच्या मांडवाच्या दोऱ्याही त्याच्याच नजरेखालून जातात. पंधरा ऑगस्टला त्याची खरी परीक्षा. शाळेत हमखास घडणारा प्रसंग असा : झेंड्याची पुडी कुणीतरी नीट दोन फेरे घालून घट्ट बांधलेली, प्रमुख पाहुणे दोरी ओढताहेत, वर फुले अडकलेली, पोरे राष्ट्रगीताच्या पवित्र्यात ताटकळलेली, आणि मुख्याध्यापकांचा चेहरा उतरलेला. ज्या शाळेचा झेंडा माजी नौसैनिक बांधतो तिथे असे सहसा होत नाही. आदल्या संध्याकाळी तो कप्पीला तेल देतो, केशरी पट्टा कोणत्या टोकाला येतो ते दोनदा पाहतो, पाकळ्या आत ठेवून घडी घालतो आणि एका झटक्यात सुटेल असाच फास ठेवतो. जहाज बंदरात असताना रोज सकाळी आठला झेंडा चढवायचा आणि सूर्यास्ताला उतरवायचा, या सवयीतून ही सफाई आलेली असते.

पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरे पळवणे हेही त्याच्याकडे आपोआप येते. नौदलाची चाचणी १.६ किलोमीटर धावण्याची. घड्याळ त्याच्या हातात. पोहण्याचे मात्र गावाने त्याच्या आधीच शिकवलेले असते. पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत ढकललेली पोरे नौदलाच्या तरणतलावात घाबरत नाहीत. पेठेतल्या पोरांचे तसे नसते.

सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी दिसणारे काम कागदांचे. मराठी घरात लग्नात मुलीचे नाव बदलायची चाल होती, काही घरांत अजून आहे. नवऱ्याच्या सेवापुस्तकात माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, आधारवर तिसरेच, आणि जन्मतारीख अंदाजाने घातलेली. नवरा आहे तोवर हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायला बाई पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, घेऊन बँकेत जाते आणि तिथे तिला ‘ही तुम्ही नव्हेच’ असे सांगतात. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का, मुंबईला टपाल. आता बरेचसे ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेले आहे, आणि दरवर्षीचा हयातीचा दाखलाही अंगठा टेकवून देता येतो. शेतात राबून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या बाईचा अंगठा यंत्राला कळत नाही, ही त्यातली नवी अडचण. अशा घरी माजी नौसैनिक प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या झेरॉक्स घालून जातो. तो पायदळातल्या जवानाच्या विधवेचेही काम करतो; दल कोणते हे तो विचारत नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या ईसीएचएस आरोग्य योजनेचे कार्ड आणि माजी सैनिकांना २०२० पासून मिळणारी घरपट्टीची माफी यांची माहितीही बहुतेक घरांना सरकारी पत्रकापेक्षा त्याच्याकडूनच कळते.

त्याचे सर्वांशी पटतेच असे नाही. जहाजावर हुकूम एकदा दिला की झाला, ग्रामसभेत तोच विषय चार बैठका चालतो आणि पाचव्या बैठकीला कोरमच भरत नाही. निवडणुकीला उभे राहिलेले काही मेजर पडतात, निवडून आलेले काही दोन वर्षांत कंटाळतात. भावकीच्या वादात पंच म्हणून त्याला बसवतात, कारण तो इतकी वर्षे बाहेर होता. त्याच कारणासाठी ‘तुला काय माहीत इथले’ असेही त्याला ऐकावे लागते.

स्मृतीच्या बाबतीत नौदलाचे दुःख वेगळे आहे. पुणे-सातारा भागातील कित्येक गावांत, पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली आणि किती पडली, एवढेच सांगणारे इंग्रजी दगड आहेत. अलीकडचा जवान तिरंग्यात गावी येतो, गाव लोटते, चौथरा उभा राहतो. जहाजाबरोबर बुडालेल्याचे काहीच परत येत नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. ४ डिसेंबरचा नौदल दिन कराचीवरील यशस्वी हल्ल्याचा म्हणून साजरा होतो. जुन्या नाविकांच्या घरी त्यानंतर पाच दिवसांनी येणारी ही तारीखही पाळली जाते, शांतपणे. मधल्या ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीचा डबा घेऊन तेच शाळेत जातात.

अधिकाऱ्यांमध्ये गावाशी असे जोडून घेतल्याची महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे पुण्याबाहेरची आहेत. १९७१ मध्ये आयएनएस कामोर्टाचे कप्तान असलेले आणि वीरचक्र मिळालेले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले. एकट्याने शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करण्याची ‘सागर परिक्रमा’ ही कल्पना त्यांचीच, आणि २०१० मध्ये दिलीप दोंदे यांनी ती पुरी केली. माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास अलिबागजवळच्या भायमळ्यात शेती करत राहिले. त्यांना २००४ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोघेही त्या गावांचे मूळचे नव्हते, हा फरक इथे लक्षात ठेवला पाहिजे.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने या नोंदीतला माणूसच बदलणार आहे. नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये चिल्क्याहून बाहेर पडली, आणि तीत प्रथमच मुलीही होत्या. चार वर्षांनी यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे ठेवायचे. बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन पंचविशीच्या आतबाहेर घरी येतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही, कँटीन नाही, ईसीएचएस नाही, आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. गाव त्यांनाही मेजरच म्हणेल. मुलींना काय म्हणायचे, हे अजून ठरलेले नाही.